संत्र्याच्या सालीत क्वेर्सेटिन कधी तिप्पट, कधी गायब: ३०१ च्या पीकवर भरवसा ठेवायच्या आधी हे बघा

दरवर्षी मृग बहाराचा संत्रा नागपूरच्या कळमना बाजारात यायला लागला की पंधरा दिवसांच्या आत माझ्याकडे हा प्रश्न येतोच, कधी फोनवर, कधी कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन दारात उभं असतं. सालीच्या अर्कात मास स्पेकवर (रेणूंचं वजन, म्हणजे मास, मोजणारं मशीन) क्वेर्सेटिन नावाचं अँटिऑक्सिडंट मोजलं, निगेटिव्ह मोडला (रेणूंचे ऋणभारित आयन करून मोजताना) ३०१ चा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, मस्त आला, स्टँडर्डची (शुद्ध रेणूच्या ठरावीक द्रावणाची) रेषा पण सरळ आली, पण आकडे काही केल्या जुळत नाहीत. तेच सॅम्पल परत काढलं की वेगळा आकडा, दुसऱ्या मशीनवर चालवलं की तिसराच, आणि क्यूटॉफवर (मास चार दशांशांपर्यंत दाखवणारा मास स्पेक) नेलं तर क्वेर्सेटिन जवळपास नाहीच. मग सगळे मशीनला दोष देतात, सोर्स (रेणूंना विद्युतभार मिळतो तो भाग) धुतात, कॉलम (रेणूंना वेगवेगळ्या वेळेला बाहेर सोडणारी नळी) बदलतात, सर्व्हिस इंजिनीयरला बोलावतात. मी पण एकदा हे सगळं केलं आहे आणि तीन महिने घालवले आहेत म्हणून सविस्तर लिहून ठेवतेय.

माझी गोष्ट आधी सांगते. काटोलकडची एक पोरगी एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी आली होती, घरची संत्र्याची बाग, तिला बघायचं होतं की अंबिया बहाराच्या आणि मृग बहाराच्या फळांच्या सालीत अँटिऑक्सिडंट कमीजास्त असतात का. प्रश्न चांगला होता, कारण अंबियाची फळं ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतात आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये, वाढीच्या काळातलं ऊनपाणी सगळं वेगळं. आमच्याकडे ट्रिपल क्वाडवर (क्वाड्रुपोल नावाच्या चाळणीने पूर्णांकी मासचे आयन निवडणारा मास स्पेक) क्वेर्सेटिनची मेथड तयारच होती, आधी कांद्यासाठी बसवलेली. कांद्यात क्वेर्सेटिन साखरेला जोडलेलं असतं म्हणून अर्क हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये गरम करायचा, साखर तुटते, मोकळं क्वेर्सेटिन उरतं, आणि ३०१ वरून १५१ हे ट्रान्झिशन, म्हणजे ३०१ चा आयन फोडून मिळणारा १५१ चा तुकडा, मोजायचं. कांद्यावर ही मेथड वर्षभर बिनबोभाट चालली होती. आम्ही तीच जशीच्या तशी संत्र्याला लावली. अंबियाचे आकडे आले, मग फेब्रुवारीत मृगाचे आले आणि ते तिप्पट. पोरगी खूश, म्हणे "मॅडम, मृगात तिप्पट येऊन राहिलं, पेपर होते ना याचा?" मी पण हो म्हटलं. तिथे मी चुकले.

चूक लक्षात आली ती तिच्या वहीतल्या एका ओळीमुळे. मृगाच्या सॅम्पलांच्या दिवशी दुपारी लाइट गेली होती, वॉटर बाथ बंद पडला आणि लाइट आल्यावर परत सुरू केला, म्हणजे नळ्या गरम ॲसिडमध्ये ठरलेल्यापेक्षा बराच जास्त वेळ राहिल्या. तिने प्रामाणिकपणे वेळ लिहून ठेवली होती. मी तिला अंबियाचीच साल घेऊन अर्धा तास, एक तास, दोन तास असं हायड्रोलिसिस (ॲसिडने साखर तोडणं) करायला सांगितलं, आणि क्वेर्सेटिन वेळेबरोबर चढतच गेलं. म्हणजे बहाराचा संबंधच नव्हता. बरं, ॲसिडमुळे काहीतरी सुटून येतंय हे कळलं, पण ते क्वेर्सेटिनच आहे कशावरून? मेथड कांद्याची, त्यामुळे हा प्रश्न तोपर्यंत कुणी विचारलाच नव्हता.

आता मूळ मुद्दा. संत्र्याच्या सालीतला सगळ्यात मोठा फ्लॅव्होनॉइड म्हणजे हेस्परिडिन. १८२८ मध्ये लेब्रेतॉं या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने लिंबूवर्गीय फळांच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या भागातून ते पहिल्यांदा वेगळं काढलं होतं. आपण संत्रा सोलल्यावर जो पांढरा कापसासारखा थर नखाने काढून टाकतो ना, तोच थर. हेस्परिडिनची साखर तुटली की हेस्परेटिन मिळतं. आणि आता हे आकडे बघा.

क्वेर्सेटिनचा प्रोटॉन काढलेला आयन ३०१.०३५४. हेस्परेटिनचा ३०१.०७१८.

रुटिन, म्हणजे साखर लागलेलं क्वेर्सेटिन, ६०९.१४६१. हेस्परिडिन ६०९.१८२५.

दोन्ही जोड्यांत फरक नेमका तेवढाच, ०.०३६४. हा योगायोग नाही. क्वेर्सेटिन सी-१५ एच-१० ओ-७ आणि हेस्परेटिन सी-१६ एच-१४ ओ-६, म्हणजे एक ऑक्सिजन काढला आणि त्या जागी एक कार्बन चार हायड्रोजन आले. ऑक्सिजनचं वजन १५.९९४९ आणि सीएच-४ चं १६.०३१३, वजाबाकी केली की ०.०३६४ उरते. पूर्णांकात दोघंही १६. क्वाड्रुपोल साधारण ०.७ मासच्या रुंदीची खिडकी उघडतो, त्याला हे दोन रेणू वेगळे दिसायचं काही कारणच नाही. त्याच्यासाठी दोघंही ३०१, दोघंही ६०९.

हाच ०.०३६४ संत्र्यात अजून एका ठिकाणी छळतो, सायट्रिक ॲसिड १९१.०१९७ आणि क्विनिक ॲसिड १९१.०५६१. परत सी-६ एच-८ ओ-७ आणि सी-७ एच-१२ ओ-६, तीच अदलाबदल. रसात सायट्रिक ढीगभर असतं, आणि क्लोरोजेनिक ॲसिड फुटलं की क्विनिकचाच १९१ चा तुकडा मिळतो. ३५३ वरून १९१ असं ट्रान्झिशन लावलं असेल तर ठीक आहे, पण नुसता १९१ चा स्कॅन बघून 'क्विनिक भरपूर आहे' असं लिहिलेलं मी एका थीसिसच्या मसुद्यात वाचलं आहे, आणि ते बहुतेक सायट्रिकच होतं.

तर मग ट्रान्झिशनचा उपयोग काय, तुकडे तर वेगळे असतील ना, असं कुणीही विचारेल. इथेच खरी गोम आहे. क्वेर्सेटिन फुटलं की १५१ आणि १७९ मिळतात. हेस्परेटिन फुटलं की १६४, २८६ वगैरे मिळतात, पण १५१ पण मिळतो, कारण दोघांच्या रेणूतली एक कडी, ए-रिंग, सारखीच आहे आणि १५१ हा त्या रिंगचाच तुकडा आहे. आमची मेथड नेमकी १५१ वर होती. कांद्यात हेस्परेटिन नाही म्हणून वर्षभर काही बिघडलं नाही. संत्र्यात हेस्परिडिन प्रचंड, क्वेर्सेटिनवाले रेणू असले तरी त्यापुढे चिमूटभर, त्यामुळे हेस्परेटिनचा १५१ दुय्यम असला तरी तोच सगळं क्रोमॅटोग्राम (वेळेनुसार पीक दाखवणारा आलेख) व्यापून बसला. पॉझिटिव्ह मोडला तर अजून वाईट. रुटिन ६११ वरून ३०३, हेस्परिडिन पण ६११ वरून ३०३, आणि ४६५ चा तुकडा सुद्धा दोघांना मिळतो. ६११ वरून ३०३ मोजून 'संत्र्यात रुटिन' असं कुणी दाखवलं तर मी पहिला प्रश्न हाच विचारते की हेस्परिडिनचं स्टँडर्ड त्याच दिवशी चालवलं होतं का.

ओळखायचं कसं ते आता सांगते, यातलं काहीच महाग नाही.

सगळ्यात आधी दोन्ही स्टँडर्ड घ्या, क्वेर्सेटिन आणि हेस्परेटिन, आणि वेगवेगळी इंजेक्ट करा. साध्या सी-१८ कॉलमवर, फॉर्मिक ॲसिड आणि ॲसिटोनायट्राइलमध्ये आमच्याकडे क्वेर्सेटिन आधी येतं आणि हेस्परेटिन त्याच्या मागून. ग्रेडियंट (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणाचं मिश्रण हळूहळू बदलत नेणं) पाच मिनिटांचा पळता ठेवला असेल तर दोघं एकमेकांवर चढतात आणि तुम्हाला एकच जाडसर पीक दिसतो. त्यामुळे कितीही घाई असली तरी संत्र्यासाठी ग्रेडियंट लांब करा, आम्ही पाचाचा अठरा मिनिटांवर नेला. मग सॅम्पलमध्ये थोडं क्वेर्सेटिन मुद्दाम घाला आणि परत चालवा. आधीचा पीक उंच झाला तर तो क्वेर्सेटिन, शेजारी खांद्यासारखा दुसरा उगवला तर नाही. आमच्याकडे दुसराच उगवला होता. ते क्रोमॅटोग्राम बघून ती पोरगी बराच वेळ गप्प बसली होती, माझ्याही घशाशी आलं होतं, कारण तिने तीन महिने त्या आकड्यांवर काम केलं होतं आणि हो मी म्हटलं होतं.

दुसरं म्हणजे एका ट्रान्झिशनवर कधीच थांबू नका. क्वेर्सेटिनसाठी १७९ पण लावा आणि हेस्परेटिनसाठी १६४ लावा, तिन्ही एकाच मेथडमध्ये बसतात. मग १७९ आणि १५१ च्या एरियाचं गुणोत्तर स्टँडर्डमध्ये बघा आणि सॅम्पलमध्ये बघा, तीच कोलिजन एनर्जी (आयन फोडायची ऊर्जा) असेल तर गुणोत्तर जुळायला पाहिजे. आमच्या सॅम्पलमध्ये १७९ ची रेषा बेसलाइनला चिकटलेली होती आणि १६४ आभाळाला. हे गुणोत्तर पहिल्याच दिवशी बघितलं असतं तर सगळा घोळ दहा मिनिटांत उघडा पडला असता.

तिसरं, क्यूटॉफ मिळत असेल तर एकदा तिथे नेऊन बघाच. ३०१ ला ०.०३६४ म्हणजे सुमारे १२१ पीपीएम (दहा लाखात १२१ भाग), आणि वेगळं करायला रिझोल्युशन (जवळचे मास वेगळे दाखवायची क्षमता) आठ-साडेआठ हजार पुरतं. ६०९ ला तोच फरक ६० पीपीएमवर येतो, तिथे सतरा हजाराच्या आसपास लागतं. बहुतेक क्यूटॉफ हे सहज देतात. पण एक अट आहे, कॅलिब्रेशन जागेवर पाहिजे, आणि आपल्या नागपुरात ही अट वाटते तेवढी सोपी नाही. टाइम ऑफ फ्लाइटमध्ये आयनला नळीतून जायला किती वेळ लागला त्यावरून मास निघतं, खोली तापली की नळी किंचित लांबते, पॉवर सप्लाय पण सरकतात, आणि मास घसरत जातं. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४५ असताना दुपारी एसी ट्रिप झाला तर सकाळचं कॅलिब्रेशन संध्याकाळपर्यंत टिकत नाही. म्हणून लॉक मास (मास आधीच माहीत असलेला, सोबत सतत मोजला जाणारा रेणू) चालू ठेवा, आम्ही ल्युसिन एन्केफॅलिन वापरतो, निगेटिव्हला ५५४.२६२०. ते सरकलेलं दिसलं की त्या दुपारचे बाकीचे मास पण सरकलेलेच समजायचे. आणि दर दहा इंजेक्शनांनी हेस्परिडिनचं स्टँडर्ड मध्ये टाका, तुमच्या नेमक्या मासच्या जवळचा तोच उत्तम साक्षीदार आहे.

आता यातली एक गोष्ट मला सगळ्यात कामाची वाटते, ती नीट समजून घ्या. रेणू कुठे बदलला हे रिटेन्शन टाइम, म्हणजे कॉलममधून बाहेर यायची वेळ, सांगतो. हेस्परेटिनचा मास दोन ठिकाणी जन्म घेऊ शकतो, एक तुमच्या नळीत, म्हणजे ॲसिडने किंवा सालीतल्या एन्झाइमने साखर तोडली, आणि दुसरं मशीनच्या सोर्समध्ये, म्हणजे हेस्परिडिन कॉलममधून अख्खंच आलं आणि कोन व्होल्टेज (सोर्समधून आयन आत ओढणारा विद्युतदाब) जास्त असल्याने तिथे फुटलं. नळीत तुटलेलं हेस्परेटिन स्वतःच्या वेळेला येतं. सोर्समध्ये तुटलेलं मात्र हेस्परिडिनच्या वेळेलाच येतं, कारण कॉलममधून जाताना ते हेस्परिडिनच होतं. तेव्हा ६०९ आणि ३०१ दोन्हीचे क्रोमॅटोग्राम एकाखाली एक लावा आणि नुसतं वेळ जुळतेय का बघा. जुळली तर कोन व्होल्टेज पायरीपायरीने खाली आणा, तो ३०१ विरघळून जाईल आणि ६०९ वर येईल. दोन मशीनवर दोन आकडे का येतात याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं, कारण शेअर्ड मशीनवर आधीचा माणूस कोणती ट्यून फाइल (व्होल्टेज वगैरेची सेटिंग) ठेवून गेला हे कुणी बघत नाही.

हाच नियम ऑक्सिडेशनलाही लागू होतो. कॅटेचिन, गॅलिक ॲसिड असे रेणू स्वतः ऑक्सिडाइझ होऊन दुसऱ्याला वाचवतात, त्यांचा स्वभावच तो आहे, त्यामुळे मोजायच्या आधीच ते बदलून बसतात. कॅटेचिनच्या २८९.०७१८ शेजारी दोन हायड्रोजन कमी असलेला २८७ दिसला, किंवा १६ ने वाढलेला ३०५ दिसला, तर घाबरून अर्क टाकून देऊ नका. वेळ बघा. कॅटेचिनच्याच वेळेला आला असेल तर सोर्समध्ये झालंय, निगेटिव्ह मोडला कॅपिलरी व्होल्टेज (फवारा मारणाऱ्या सुईवरचा विद्युतदाब) जास्त आणि मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणात) पाणी जास्त असलं की सुईच्या टोकाला डिस्चार्ज होतो आणि रेणू तिथल्या तिथे ऑक्सिडाइझ होतो. व्होल्टेज उतरवा. वेगळ्या वेळेला आला असेल तर ते व्हायलमध्ये (सॅम्पलच्या छोट्या बाटलीत) किंवा त्याच्याही आधी झालंय, आणि मग सॅम्पल काढायच्या पद्धतीकडेच परत जावं लागतं.

दुसरी तक्रार जी याच्याबरोबर जोडीनेच येते ती म्हणजे रात्रभराच्या बॅचमध्ये सिग्नल उतरत जातो. संध्याकाळी सात वाजता पहिलं इंजेक्शन झकास, सकाळी साठाव्या इंजेक्शनला निम्मं. सगळे म्हणतात सोर्स घाण झाला. कधी कधी असतोच, पण आधी एक सोपी गोष्ट करा. त्याच स्टँडर्डची ताजी व्हायल सकाळी बनवा आणि बॅचच्या शेवटी टाका. ताज्या व्हायलचा पीक कालच्या पहिल्या इंजेक्शनएवढा आला तर मशीन ठणठणीत आहे, रेणू व्हायलमध्ये मेला. ताज्याचाही पीक खालीच राहिला तर सोर्स, कॉलम, गॅस यांच्याकडे वळा. ही एक व्हायल बनवायला पाच मिनिटं लागतात, आणि त्यासाठी लोक अख्खा सोर्स उघडून बसतात हे बघून मला मनापासून वाईट वाटतं.

आमच्याकडे हे केल्यावर एक विचित्र गोष्ट दिसली. ॲस्कॉर्बिक ॲसिड व्हायलमध्ये संपत होतं, हेस्परिडिन पण व्हायलमध्येच संपत होतं, पण दोघांची कारणं अगदी उलटी.

ॲस्कॉर्बिकचं समजायला सोपं आहे. १७५.०२४८ चा पीक उतरतो आणि १७३.००९२ चढतो, म्हणजे ते डीहायड्रोॲस्कॉर्बिक होतंय. पाणी न्यूट्रल असलं, त्यात तांबं किंवा लोखंड किंचितही असलं, उजेड आणि उष्णता असली की वेग वाढतो. उपाय म्हणजे ॲसिड, थंडी आणि अंधार, अंबर व्हायल, ऑटोसॅम्पलर (व्हायलच्या ट्रेमधून आपोआप सॅम्पल उचलणारा भाग) ४ अंशावर. पुस्तकात मेटाफॉस्फोरिक ॲसिड लिहिलेलं असतं, ते युव्ही डिटेक्टरला छान, पण ते उडून जात नाही आणि मास स्पेकच्या सोर्सवर पांढरा थर बसतो, म्हणून इथे शक्यतो फॉर्मिक ॲसिडवरच भागवा. शिवाय सी-१८ वर ॲस्कॉर्बिक थांबतच नाही, साखर, सायट्रिक, पोटॅशियम या सगळ्या गर्दीबरोबर पहिल्या मिनिटातच बाहेर पडतं आणि त्या गर्दीत त्याचं आयनीकरण दबतं. ते खरंच मोजायचं असेल तर हिलिक कॉलम (असे पाण्यात सहज विरघळणारे रेणू धरून ठेवणारा) लावा. नसेल तर निदान अर्क पाचपट पातळ करून बघा. एरिया पाचपट कमी व्हायला पाहिजे, दुपटीनेच कमी झाला तर समजा सिग्नल दबलेला होता, आधीचा आकडा धरू नका.

म्हणून आम्ही ऑटोसॅम्पलर ४ अंशावर नेला, ॲस्कॉर्बिक सुधारलं, आणि हेस्परिडिन पडायला लागलं. दोन आठवडे कळेना काऊन होऊन राहिलं. मग एक दिवस सकाळी ट्रेमधली व्हायल काढून खिडकीच्या उजेडात धरली तर तळाशी बारीक पांढऱ्या सुया. हेस्परिडिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, गरम मेथॅनॉलमध्ये थोडं विरघळतं, आणि आम्ही अर्क सुकवून परत मोबाइल फेजच्या सुरुवातीच्या मिश्रणात घेत होतो, म्हणजे ९५ टक्के पाणी. खोलीत जे कसंबसं विरघळून होतं ते ४ अंशावर रात्रभरात खाली बसत होतं. रेणूला काही झालं नव्हतं, तो व्हायलच्या बुडाशी होता आणि सुई वरचं पाणी घेत होती. ओळखायची खूण म्हणजे व्हायल थोडी कोमट करून व्हॉर्टेक्स करा आणि परत इंजेक्ट करा, एरिया वर आला तर हेच. ऑक्सिडेशन झालेलं असेल तर गरम करून परत येत नाही.

हेस्परिडिनसाठी अर्क सुकवूच नका, सुकवला तर परत निम्म्याहून जास्त मेथॅनॉलमध्ये घ्या आणि भरपूर पातळ करा, सालीत ते एवढं असतं की शंभरपट पातळ करूनही ट्रिपल क्वाडला सहज दिसतं. मेथॅनॉल जास्त झालं म्हणून सुरुवातीचे पीक पसरतात, तेव्हा इंजेक्शन व्हॉल्यूम कमी करा, दोन मायक्रोलिटर पुरे. स्टँडर्डचा स्टॉक डीएमएसओमध्ये बनवा. विरघळत नाही म्हणून काही जण सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन थेंब टाकतात, ते कृपा करून करू नका. अल्कलीत त्याची मधली रिंग उघडते आणि चॅल्कोन बनतं, त्याचं मास अगदी तेच, पण रिटेन्शन टाइम वेगळा, मग एकाच मासचे दोन पीक बघून डोकं फिरतं आणि कुणीतरी दुसऱ्याला निओहेस्परिडिन म्हणून मोकळं होतं. तसं निओहेस्परिडिनही त्याच फॉर्म्युलाचं आहे, फक्त दोन साखरा एकमेकींना वेगळ्या जागी जोडलेल्या, आणि तेवढ्याने चव कडू होते. आपला संत्रा खाताना कडू लागत नाही, कारण त्यात मुख्यतः रुटिनोज साखरेवालेच, म्हणजे हेस्परिडिनसारखे कडू न लागणाऱ्या जोडणीचेच, असतात. तेव्हा नागपुरी संत्र्यात निओहेस्परिडिन मोठं दिसलं तर आधी स्टँडर्ड कशात विरघळवलं ते विचारा.

फिल्टरबद्दल पण एक. नायलॉनचा सिरिंज फिल्टर पॉलिफिनॉल धरून ठेवतो. स्टँडर्ड फिल्टर न करता चालवता आणि सॅम्पल फिल्टर करून चालवता, मग सॅम्पलचा आकडा कमी येणारच. पीटीएफई किंवा पीव्हीडीएफ घ्या, आणि स्टँडर्ड पण एकदा त्याच फिल्टरमधून काढून फरक बघा.

उन्हाळ्याच्या बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. कॉलम ओव्हन पुष्कळ ठिकाणी फक्त गरम करू शकतो, थंड करू शकत नाही. ३० वर सेट केलाय आणि खोलीच ३४ झाली तर तो बिचारा काही करू शकत नाही, रिटेन्शन टाइम दुपारी कमी होतात आणि रात्री परत मूळ जागी येतात, आणि क्वेर्सेटिन-हेस्परेटिन शेजारी शेजारी असताना सॉफ्टवेअर चुकीचा पीक उचलतं. आम्ही आता वर्षभर ४० वरच ठेवतो. नायट्रोजन जनरेटरचा कॉम्प्रेसर गच्चीवर किंवा उन्हाच्या भिंतीला लागून असेल तर मेमध्ये दुपारी प्रेशर बघत जा, गॅस कमी पडला की थेंब नीट वाळत नाहीत आणि सगळेच पीक एकसाथ उतरतात. सगळे एकसाथ आणि सारख्या प्रमाणात उतरले की मशीन, एकेक वेगवेगळे उतरले की रेणूचं स्वतःचं काहीतरी, एवढा अंदाज धरून मी सुरुवात करते. आणि नवतपात (मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) साल गच्चीवर वाळवू नका. उन्हात वाळलेल्या सालीत हेस्परिडिन बऱ्यापैकी टिकतं पण ॲस्कॉर्बिकची आशा सोडा. सोलल्याबरोबर बर्फात, शक्य असेल तर लिक्विड नायट्रोजनमध्ये, आणि मग फ्रीझ ड्राय. काटोल-नरखेडकडून बसने साल आणणार असाल तर थर्मोकोलच्या डब्यात बर्फ भरूनच आणा, पिशवीत आणलेली साल नागपूरला पोचेपर्यंत तापून एन्झाइमनी त्यांचं काम सुरू केलेलं असतं.

नोबिलेटिन आणि टँजेरेटिन शोधणाऱ्यांसाठी एक वेगळा शब्द. हे संत्र्याच्या पिवळ्या सालीतले फ्लॅव्होन, पण यांच्यावर मोकळा हायड्रॉक्सिल गट नाही, सगळे मेथॉक्सी, त्यामुळे निगेटिव्ह मोडला ते जवळपास दिसतच नाहीत. 'आमच्या सालीत नोबिलेटिन नाही' असं लिहायच्या आधी पॉझिटिव्हला ४०३.१३८७ आणि ३७३.१२८२ बघा. टँजेरेटिन आणि सिनेन्सेटिन एकाच फॉर्म्युलाचे आहेत, तिथे क्यूटॉफचा मास पण मदत करत नाही, परत स्टँडर्ड आणि रिटेन्शन टाइम. पॉझिटिव्हला हेस्परिडिनचा ६३३ दिसला तर तो सोडियम लागलेला आहे, काचेच्या बाटलीतून किंवा साबणाने धुतलेल्या बाटलीतून सोडियम येतं. मोबाइल फेजच्या बाटल्या साबणाने धुवू नका, त्याच सॉल्व्हंटने विसळा.

काटोलच्या त्या पोरीचं काम आम्ही परत केलं. हायड्रोलिसिस काढून टाकला, कारण संत्र्यात आपल्याला हेस्परिडिन अख्खंच मोजायचं आहे, तोडून काय करायचं. पांढरा थर आणि पिवळा थर वेगळे केले, कारण आधीच्या वेळी कुणी पांढरं किती खरवडलं याचा हिशोबच नव्हता. ग्रेडियंट लांब, १७९ आणि १६४ दोन्ही चालू, ४० चा ओव्हन, दर दहाव्या इंजेक्शनला हेस्परिडिन. अंबिया आणि मृग दोन्हीत हेस्परिडिन खणखणीत आलं आणि १७९ ची रेषा दोन्ही बहारांत सपाट राहिली. तिप्पटवाला तक्ता तिने स्वतः वहीत आडवी रेघ मारून रद्द केला आणि शेजारी कारण लिहिलं. ती वही मी अजून लॅबच्या कपाटात ठेवली आहे, नवीन कुणी क्वेर्सेटिन घेऊन आलं की आधी ते पान दाखवते.

आता प्रत्येक सालीच्या दोन व्हायल बनतात. एक ॲसिडमध्ये, अंबर काचेची, ४ अंशावर, ॲस्कॉर्बिक आणि गॅलिकसाठी, आणि ती बॅचमध्ये पहिल्या चार तासांत संपवायची. दुसरी ७० टक्के मेथॅनॉलमध्ये, शंभरपट पातळ, २० अंशावर, हेस्परिडिनसाठी. आमच्या ट्रेला एकच तापमान आहे म्हणून दोन बॅच लावाव्या लागतात, आधी थंडवाली संध्याकाळी, मग ट्रे २० वर येईपर्यंत अर्धा तास थांबून दुसरी रात्रभर. आणि सकाळी ट्रे काढला की प्रत्येक व्हायल फेकायच्या आधी एकदा खिडकीशी उजेडात धरून तळ बघायचा.